टाकायासू असताना बाळ हवंय? आधी बीपी कुठल्या हाताचं ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बार्शी तालुक्यातल्या एक ताई, वय २७, तीन वर्षांपूर्वी टाकायासू आर्टेरायटिसचं, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या आजाराचं, निदान झालं. डाव्या मनगटाला नाडी लागत नाही. चालू औषधं म्हणजे रोज प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ७.५ मिग्रॅ, आठवड्यातून एकदा सूज दाबायला मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ आणि सकाळी बीपीची टेल्मिसार्टन. गावातल्या दवाखान्यात बीपी १००/७० भरतं, सगळे म्हणतात नॉर्मल आहे. घरचे आता बाळाचं बघा म्हणून मागे लागलेत. त्यांना विचारायचंय की बीपी नॉर्मल आहे तर ती गोळी बंद केली तर चालेल का, बाकीच्या गोळ्या बाळाला बाधतील म्हणून त्या पण सोडू का, मुळात मला बाळ होऊ शकतं का, आणि झालं तर त्यालाही हा आजार लागेल का.

ताई, मी सोलापुरात प्रसूतीतज्ज्ञ आहे, जोखमीच्या केसेस माझ्याकडे जरा जास्तच येतात, अक्कलकोट मंगळवेढ्यापासून ते पलीकडे धाराशिव विजयपूरपर्यंत. हा आजार दुर्मिळ म्हणतात पण आपल्या भागात अगदीच दिसत नाही असं नाही, फक्त ओळखला उशिरा जातो. तर आधी सरळ उत्तर देते. हो, बहुतेक जणींना बाळ होऊ शकतं आणि चांगलं होतं. पण आज, या गोळ्या चालू असताना, नाही. आणि एकही गोळी मनाने बंद करायची नाही, ना बीपीची, ना मेथोट्रेक्सेट, आणि प्रेडनिसोलोन तर चुकूनसुद्धा नाही, इतके दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम सोडलं तर चक्कर, उलट्या, बीपी एकदम खाली आणि जिवावर बेतायची वेळ येते.

आता तुमचं ते १००/७०. त्यावर माझा काडीचाही विश्वास नाही.

कारण बघा, या आजारात महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आणि तिच्या फांद्या, हाताला, मेंदूला, किडनीला जाणाऱ्या, त्यांच्या भिंतीला सूज येते. भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते, कधी पूर्ण बंद पडते, कधी उलट भिंत कमजोर होऊन फुगते. १९०८ साली जपानमधल्या मिकितो टाकायासू नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी एका २१ वर्षांच्या मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्या बघून पहिल्यांदा लिहिलं, म्हणून हे नाव. आजही पेशंट बहुतेक तरुण बायकाच असतात, म्हणजे नेमकं ज्या वयात मूल हवं असतं त्याच वयात. आणि आपल्या देशात पोटातली महाधमनी आणि किडनीच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त दिसतं, त्यामुळे आपल्याकडच्या बायकांना बीपी जास्त असतं. किडनीला रक्त कमी पोचलं की ती समजते शरीरातच रक्त कमी पडलंय आणि बीपी वाढवत सुटते.

तुमच्या डाव्या हाताला नाडी लागत नाही म्हणजे त्या हाताची रक्तवाहिनी वरतीच कुठेतरी अरुंद किंवा बंद आहे. उजनीची पाइपलाइन मध्ये कुठे दबली की पुढच्या वस्तीत नळाला करंगळीएवढी धार येते आणि मागच्या बाजूला पाइप फुटायला टेकतो, तसंच आहे हे. डाव्या हाताचं बीपी म्हणजे त्या शेवटच्या नळाचं प्रेशर. आत महाधमनीत, मेंदूकडे, हृदयावर काय प्रेशर चाललंय ते त्यातून कळतच नाही. डावीकडे १०० दिसतं तेव्हा आत १७० असू शकतं. आणि बहुतेक ठिकाणी बीपी डाव्याच हाताचं घेतात कारण टेबल तसं मांडलेलं असतं, बाई तशी बसते, दुसरं काही कारण नसतं.

म्हणून माझ्याकडे टाकायासूची बाई पहिल्यांदा आली की चारही हातापायांचं बीपी घेते. दोन्ही दंड, आणि मग पालथं झोपवून दोन्ही मांड्यांना मोठा पट्टा बांधून गुडघ्यामागे स्टेथो किंवा रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारी डॉपलरची पेन ठेवून. वेळ लागतो, बाहेर ओपीडीची लाइन वैतागते, पण याला पर्याय नाही. ऑटोमॅटिक मशीन अशा हातावर नुसतं एरर दाखवतं किंवा काहीतरी आकडा ठोकून देतं, त्यामुळे निदान पहिली तपासणी तरी साध्या हाताने पंप करायच्या मशीनवरच. साधारणपणे पायाचं बीपी हातापेक्षा थोडं जास्त भरतं, ते जर उलट कमी भरलं तर पोटातली महाधमनी अरुंद असल्याचा संशय घ्यायचा. चारपैकी ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त भरतं तोच त्या बाईचा खरा आकडा धरायचा, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवायचं "बीपी फक्त उजव्या हाताचं" किंवा जे असेल ते. एमसीपी कार्डावर, म्हणजे सरकारी माता-बाल कार्डावर, पण तेच लिहिते म्हणजे गावातल्या आशाताई आणि नर्सताईंना पण कळतं. काही जणींच्या दोन्ही हातांच्या आणि पायांच्या पण वाटा अरुंद असतात, तेव्हा कुठलाच पट्टा खरं सांगत नाही, मग आधीच्या अँजिओग्राफीत आतलं प्रेशर किती मोजलं होतं ते बघायचं, डोळ्याचा पडदा आणि इको बघून अंदाज बांधायचा. असल्या केसेस हृदयाच्या डॉक्टरांशिवाय सांभाळायच्याच नाहीत.

हे एवढं घोळवून का सांगते तर एक केस सांगते. विड्या वळणारी बाई, दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायची, नवरा टॉवेलच्या कारखान्यात. तिला हा आजार आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, तिला पण नाही. हात भरून येतो, विड्या वळताना डावा हात लवकर दुखतो असं ती लग्नाआधीपासून सांगायची पण सगळे म्हणायचे कामानेच होतंय. गरोदरपणात प्रत्येक वेळी बीपी ११०/७०. सातव्या महिन्यात डोकं ठणकायला लागलं, डोळ्यापुढे काजवे, मग आमच्याकडे आणली. डावीकडे ११०, उजवीकडे १९०/११०. लघवीत प्रोटीन, बाळ दिवसांच्या मानाने बारीक. औषधं, मॅग्नेशियमचं इंजेक्शन, बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन असं सगळं करून काही दिवस ओढले आणि मग सिझर करावं लागलं. बाळ काचेत राहिलं, पण दोघं घरी गेली. उजव्या हाताला पट्टा तिसऱ्या महिन्यात बांधला असता तर हे वेगळं झालं असतं एवढंच माझं म्हणणं आहे, त्याला काही महागडी तपासणी लागत नव्हती.

आता धोका नक्की कशाचा. एक गैरसमज आहे की गरोदरपणाने टाकायासू भडकतो. तसं सहसा दिसत नाही, बऱ्याच जणींचा आजार त्या नऊ महिन्यांत शांतच राहतो. त्रास होतो तो आधी झालेल्या नुकसानीचा. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, साधारण ३२ व्या आठवड्याला सगळ्यात जास्त असतं, हृदयाला तेवढं जास्त पंप करावं लागतं, आणि नेहमीच्या बाईच्या रक्तवाहिन्या सैल पडून हे सगळं सामावून घेतात. तुमच्या कडक झालेल्या, अरुंद झालेल्या वाहिन्यांना ते जमत नाही. मग बीपी चढतं, त्यावर प्रीएक्लॅम्पसिया होतो, म्हणजे बीपीबरोबर लघवीत प्रोटीन जायला लागतं, वार सुटू शकते, हृदयावर ताण येऊन दम लागतो, क्वचित मेंदूत रक्तस्राव. फुगलेली महाधमनी असेल तर ती चिरण्याची भीती. आणि बाळाच्या बाजूने, वारेला रक्त कमी मिळालं की बाळ वाढत नाही, दिवस भरायच्या आधी जन्माला घालावं लागतं, कधी पोटातच जातं. पोटातली महाधमनी किंवा किडनीच्या वाहिन्या अरुंद असतील तर हे सगळं जास्त, नुसत्या हाताच्या वाहिन्या असतील तर बरंच कमी. म्हणून टाकायासू आहे एवढ्यावरून कुणीच काही सांगू शकत नाही, कुठे आहे आणि किती आहे ते बघावं लागतं.

इशिकावा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९७८ मध्ये एक सोपी विभागणी केली ती मला आजही उपयोगी पडते. चार गोष्टी बघायच्या, डोळ्याच्या पडद्यावर परिणाम, बीपी, महाधमनीच्या झडपेची गळती, आणि फुगा म्हणजे अॅन्युरिझम. चारातलं काहीच नाही तर गट पहिला, निवांत. एकच आहे आणि सौम्य आहे तर काळजी घेऊन पुढे. तेच एक जोरात असेल किंवा दोन तीन एकत्र असतील तर बसून नीट बोलायचं. आणि काही वेळा मी स्पष्ट नको म्हणते, नवऱ्याला पण समोर बसवून. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत आजार जाऊन तिथलं प्रेशर वाढलेलं असेल, हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांच्या खाली असेल, महाधमनीचा मोठा फुगा असेल, किडनी बरीच गेलेली असेल, तर गरोदर राहण्यात बाईचा जीव जाऊ शकतो. तेव्हा सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून गोलमाल बोलणं मला जमत नाही. दत्तकाचा विचार करा म्हणते.

तर तुम्ही काय करायचं. पहिलं म्हणजे आत्ता कुटुंबनियोजन पक्कं चालू ठेवा. मेथोट्रेक्सेटवर असताना दिवस गेले तर गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग येऊ शकतं. इस्ट्रोजेन असलेल्या माला-डी सारख्या गोळ्या बीपीवाल्या बाईने घ्यायच्या नाहीत, कॉपर-टी उत्तम, नाहीतर निरोध तरी नियमित. मग तुमच्या संधिवाततज्ज्ञांकडे जाऊन सांगा की मला बाळाचं प्लॅनिंग करायचंय. हे वाक्य बायका बोलतच नाहीत, डॉक्टर पुरुष असले तर अजूनच नाही, आणि मग दिवस गेल्यावर धावपळ. ते मेथोट्रेक्सेट बंद करून बहुतेक अझाथायोप्रिन सुरू करतील, ती गरोदरपणात आणि अंगावर पाजताना चालते. सुरुवातीला दर एक दोन आठवड्यांनी रक्ताचा सीबीसी करायचा, कारण आपल्याकडच्या काही लोकांच्या अंगात ती गोळी नीट मोडत नाही आणि पांढऱ्या पेशी झपकन खाली येतात. मेथोट्रेक्सेट सुटल्यावर निदान तीन महिने थांबायचं आणि फॉलिक अॅसिड चालू ठेवायचं. मायकोफेनोलेट आणि लेफ्लुनोमाइड वर कुणी असेल तर त्या पण आधीच बदलायच्या, लेफ्लुनोमाइड तर महिनोन्महिने अंगात राहते, ती औषध देऊन धुऊन काढावी लागते. सायक्लोफॉस्फमाइड आधी घेतलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, त्याने बीजांडांवर परिणाम होतो, बाकी या आजारात दिवस राहायला सहसा अडचण नसते.

टेल्मिसार्टन पण बदलायची. ही आणि एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होतो, गर्भाशयात बाळाभोवतीचं पाणी कमी होतं. पण बदलायची म्हणजे आधी लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन सुरू करून बीपी त्यावर बसवून, नुसती सोडून नव्हे. प्रेडनिसोलोन ७.५ ला घाबरू नका, वार ते औषध बऱ्यापैकी अडवते, बाळापर्यंत फार थोडं पोचतं. आईची शुगर वाढू शकते म्हणून तेवढी बघत राहायची.

नवीन गोळ्यांवर आजार सहा महिने शांत राहिला पाहिजे, हा नियम मी मोडत नाही, घरच्यांनी कितीही घाई केली तरी. याच सहा महिन्यांत तपासण्या उरकायच्या. मानेपासून ओटीपोटापर्यंतच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी, सीटी किंवा एमआर, २डी इको, डोळ्याचा पडदा, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन. हे आधीच का तर गरोदर राहिल्यावर सीटी टाळतो, एमआरचा डाय पण टाळतो, आणि ईएसआर तर गरोदरपणात आपोआपच वाढतो त्यामुळे त्याच्यावरून काही ठरवता येत नाही. किडनीची वाहिनी फार अरुंद असेल आणि बीपी तीन तीन गोळ्यांना दाद देत नसेल तर बलून घालून (अँजिओप्लास्टी करून) ती आधीच उघडून घ्यायची, पण आजार भडकलेला असताना नाही, नाहीतर परत बंद होते. अजून एक, आपल्याकडे टीबी भरपूर, बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करायचं ठरलं तर आधी टीबीची तपासणी होणारच, तेव्हा घरात कुणाला झाला असेल तर लपवू नका.

आणि हे सगळं ठरवताठरवताच चुकून पाळी चुकली तर? मेथोट्रेक्सेट त्याच दिवशी थांबवा आणि फोन करा, टेल्मिसार्टन पण लगेच बदलून घ्या. पण मेडिकलमधून पाडायच्या गोळ्या आणून घरी घेऊ नका, तुमच्यासारखीला जास्त रक्त गेलं तर ते सांभाळायला माणसं लागतात.

दिवस राहिल्यावर साधारण असं चालतं. १२ व्या आठवड्यापासून रात्री अॅस्पिरिनची छोटी गोळी, म्हणजे इकोस्प्रिन, ३६ आठवड्यांपर्यंत, त्याने प्रीएक्लॅम्पसियाचा धोका कमी होतो. कॅल्शियम रोज. घरी बीपीचं मशीन, पट्टा खऱ्या हातावर, सकाळ संध्याकाळ वहीत लिहायचं. वहीत १४०/९० च्या वर दोनदा आलं तर वाट बघायची नाही. आणि उलट बीपी फार खाली पण आणायचं नाही, पोटातली वाहिनी अरुंद असेल तर वरचं प्रेशर जरा टिकवावं लागतं, नाहीतर वारेकडे रक्तच जात नाही. ही तारेवरची कसरत असते, म्हणून गोळ्यांचा डोस शेजारणीच्या सल्ल्याने हलवू नका. २० आठवड्यांच्या आतबाहेर व्यंगाची सोनोग्राफी, मग २८ पासून दर तीन चार आठवड्यांनी बाळाची वाढ आणि डॉपलर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते, २०१६ पासून चालू आहे, तिथे अवश्य जा, जोखमीची म्हणून नोंद होते त्याचा पुढे उपयोग होतो. पण तुमची तपासणी तेवढ्यावर भागवू नका.

खाण्यात मीठ. शेंगा चटणी, लोणचं, पापड, हे भाकरीबरोबर रोज चालतं आपल्याकडे, आणि चटणी थोडीच खाते म्हणणाऱ्या बाईची वाटी मी बघितलेली आहे. अगदी सोडा म्हणत नाही, चमच्याने मोजून घ्या. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा पाणी भरपूर आणि दुपारचं उन्हात जाणं बंद. विड्या, तंबाखू, मशेरी, घरातल्या पुरुषांची सिगरेट, सगळं लांब.

बाळंतपण कुठे करायचं हे सातव्या महिन्याआधी ठरवा. गावात किंवा माहेरच्या छोट्या दवाखान्यात नको, पहिलं बाळंतपण माहेरीच अशी रीत असली तरी. जिथे फिजिशियन, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि बाळाचा आयसीयू एकाच छताखाली आहे तिथेच. सोलापुरात सिव्हिलला आहे, काही मोठ्या खाजगी आणि सहकारी रुग्णालयांत आहे. महाधमनीचा फुगा किंवा झडपेची मोठी गळती असेल तर मी ३२ आठवड्यांच्या आतच पुण्याला पाठवते, अडीचशे किलोमीटर कळा चालू असताना जायचं नाही. दाखल होताना फाइल बरोबर हवी, आणि मी स्वतः तर डाव्या दंडाला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर "इथे बीपी नको" लिहून ठेवते, कारण रात्री स्टाफ बदलतो आणि नवीन सिस्टर सवयीने डाव्याच हाताला पट्टा बांधते.

सिझरच करावं लागतं असं काही नाही. बीपी आटोक्यात असेल तर खालून बाळंतपण चांगलं, फक्त कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून एपिड्युरल द्यायचं आणि शेवटी फार जोर लावू न देता व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून बाळ काढायचं. सिझर लागलंच तर भूल हळूहळू चढवायची, बीपी एकदम कोसळता कामा नये. पूर्ण भूल द्यायची झाली तर मानेच्या वाहिन्या अरुंद असतील का ते बघून मान फार मागे ताणायची नाही. बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबवायला मेथर्जिन नको, त्याने बीपी उसळतं, ऑक्सिटोसिन सावकाश द्यायचं. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलेल्या बाईला त्या दिवशी हायड्रोकॉर्टिसोनची इंजेक्शनं लागतात. हे सगळं तुम्ही पाठ करायचं नाहीये, पण डॉक्टरांना विचारा की यांचा विचार झालाय का. चांगला डॉक्टर चिडत नाही.

आणि बाळ झालं म्हणजे सुटलो असं समजून पेढे वाटायला सगळे जातात तेव्हाच माझं लक्ष जास्त असतं. गर्भाशय आकसलं की तिथलं रक्त एकदम हृदयाकडे येतं, पहिले ४८ तास दम लागणं, बीपी चढणं याची भीती खरी तेव्हाच असते. घरी गेल्यावर पण दोन आठवडे डोकेदुखी, धूसर दिसणं, आडवं झाल्यावर दम, छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखं दुखणं, यातलं काही झालं तर १०८ ला फोन. अंगावर जरूर पाजा, प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिनवर चालतं, मेथोट्रेक्सेट परत सुरू करायची झाली तर पाजणं बंद करावं लागेल. सहा ते आठ आठवड्यांनी संधिवाततज्ज्ञांना दाखवा, बाळाच्या नादात ती तपासणी राहून जाते आणि आजार तेवढ्यात हळूच परत डोकं काढतो. कॉपर-टी तिथल्या तिथे बसवून घेतली तर उत्तम.

बाळाला होईल का, तर हा आजार आईकडून पोटात जाणारा नाही, संसर्गाचा नाही. एचएलए-बी५२ नावाच्या एका जनुकाशी थोडा संबंध आढळतो पण आईला आहे म्हणून लेकराला होईलच असं अजिबात नाही, आणि बाळाची त्यासाठी कुठली वेगळी तपासणी लागत नाही. येताना जुनी अँजिओची सीडी घेऊन या, नुसता कागद नको, आणि टेल्मिसार्टनची गोळी त्या दिवशी सकाळी खाऊनच या.